मोलोची पांढरी फुलं आणि किसुमूची मच्छरदाणी

इंदूरहून निघताना माझ्या बॅगेत थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, दोन किलो शेव आणि अर्धा लिटर कडुलिंबाचं तेल होतं. तेलाची बाटली जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घट्ट बसवली होती. कारण धाकट्या भावाने फोनवर तीनतीनदा बजावलं होतं, "ताई, प्लॅस्टिकच्या पिशव्या अजिबात आणू नकोस." केनियात २०१७ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे आणि ती कागदावरची बंदी नाही. (तुम्ही जाणार असाल तर आणखी एक लक्षात ठेवा. पिवळ्या तापाची लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. परत येताना आपल्याच विमानतळावर तिचं कार्ड मागतात.)

तेल कशासाठी, ते सांगते. भाऊ किसुमूजवळच्या एका साखर कारखान्यात नोकरीला आहे. आमचं माहेर कोल्हापूरचं, त्यामुळे ऊस काही त्याची पाठ सोडत नाही. किसुमू हे व्हिक्टोरिया सरोवराच्या काठचं शहर. सरोवर सुंदर आणि मलेरिया भरपूर. मागच्या जूनमध्ये माझ्या चार वर्षांच्या भाच्याला मलेरिया झाला. ताप डोक्यात गेला, झटका आला, तीन दिवस दवाखान्यात काढले. तो बरा झाला, पण भावजयीच्या मनातली भीती काही गेली नाही. आणि ती भीती दुहेरी होती. डासाची तर होतीच, शिवाय औषधांचीही. घरात पाच महिन्यांची तान्ही मुलगी. नवी औषध लावलेली मच्छरदाणी बांधली त्या रात्री तान्हीने डोळे चोळचोळून लाल केले. भावजयीने सकाळी मच्छरदाणी काढली, घडी घालून कपाटात ठेवली. "जाळीत विष आहे, ताई. मी त्यात लेकराला झोपवणार नाही. तुम्ही येताना आपलं कडुलिंबाचं तेल घेऊन या." मला तिचं म्हणणं पटलं होतं, हे आधीच कबूल करते.

नैरोबीला भाऊ गाडी घेऊन आला होता. तिथून किसुमू साधारण साडेतीनशे किलोमीटर. ऑगस्ट महिना, पण अंगावर स्वेटर. विषुववृत्त इतकं जवळ असताना इतकी थंडी कशी, असं वाटत राहतं. उत्तर उंचीत आहे. लिमुरूच्या पुढे चहाचे मळे संपतात आणि रस्त्याच्या कडेची जमीन एकदम खाली कोसळते. ही रिफ्ट व्हॅली. खाली धुरकट पिवळं पठार, मध्ये लोंगोनोटचा ज्वालामुखी. कठड्याजवळ मेंढीच्या कातड्याच्या टोप्या विकणारे. घाट उतरताना वाटेत एक इवलंसं चर्च लागतं. ते १९४२ मध्ये इटालियन युद्धकैद्यांनी बांधलं, हा रस्ता बांधतानाच. पुढे नैवाशाला गुलाबाची काचघरं. युरोपातल्या फुलदाण्यांमध्ये जाणारा गुलाब इथून निघतो.

आम्हाला मात्र दुसरं फूल बघायचं होतं. नाकुरूच्या पुढे भावाने गाडी मोलोकडे वळवली. "माझ्या एका सहकाऱ्याच्या आईचं शेत आहे. तुला डासांचं औषध बघायचंय ना, मग खरं औषध बघ."

मोलो जवळजवळ अडीच हजार मीटर उंचीवर आहे. महाबळेश्वरच्या दुप्पट म्हणा ना. बटाटा, वाटाणा, कोबी आणि धुक्यात उभ्या मेंढ्या. शेताच्या वरच्या अंगाला पाव एकराचा एक तुकडा पांढरा दिसत होता. जवळ गेलो तर गुडघ्याएवढी झुडपं, करड्या-हिरव्या बारीक कातरलेल्या पानांची, आणि वर पांढऱ्या पाकळ्यांची, मध्ये पिवळा गोल असलेली साधी फुलं. मी म्हटलं, ही तर शेवंती! आणि खरंच, ती शेवंतीच्याच घराण्यातली आहे. जगात तिला पायरेथ्रम म्हणतात, इथे 'पारेतो'.

शेताची मालकीण सत्तरीच्या आसपासची. तिथे वडीलधाऱ्या बाईला 'मामा' म्हणतात, म्हणजे आई. मला पहिले दोन तास ते जिभेवर येईना. सत्तर वर्षांच्या बाईला मामा कसं म्हणायचं! पण मामाला स्वतःला त्याचं काही नव्हतं. तिने कमरेला टोपली बांधली आणि फूल कसं तोडायचं ते दाखवलं. देठ दोन बोटांमध्ये धरायचा, अंगठ्याने डोकं मोडायचं. देठ सोबत यायला नको, त्याने वजन वाढतं आणि भाव पडतो. दर दोन-तीन आठवड्यांनी तोडणी, वर्षातले बरेच महिने. ताजी चार-पाच किलो फुलं वाळवली की किलोभर उरतात. औषध असतं ते पाकळ्यांत नाही, तर मधल्या पिवळ्या गोलातल्या बारीक बियांमध्ये. वाळलेल्या फुलात ते शेकड्याला एक ते दोन भाग, बस. मी एक फूल चुरगळून हुंगलं. वाळलेल्या गवतासारखा, थोडासा चहासारखा वास. भावाला मात्र शिंकांवर शिंका आल्या. काहींना या फुलाची ॲलर्जी असते, हात खाजतात, असं मामा म्हणाली. म्हणजे निसर्गातलं आहे म्हणून निरुपद्रवी, असं नाही. हे मी मनात नोंदवलं खरं, पण अजून कडुलिंबाच्या बाटलीवरचा माझा विश्वास हलला नव्हता.

हे फूल मूळचं इथलं नाही. ते ॲड्रियाटिक समुद्राच्या काठचं, दाल्मेशियाचं, म्हणजे आजच्या क्रोएशियाचं. तिथे वाळलेल्या फुलांची पूड पिसवा-ढेकणांवर वापरत. तिथून बी जगभर गेलं. जपानमध्ये एइचिरो उएयामा नावाच्या व्यापाऱ्याला १८८६ मध्ये हे बी मिळालं. त्याने पुडीची उदबत्ती केली, पण ती पाऊण तासात जळून संपायची. मग त्याच्या बायकोने, युकीने, सुचवलं की उदबत्ती सरळ न करता सापासारखी वेटोळी करावी. वेटोळ्यात लांबी मावते आणि ती रात्रभर पुरते. आपण पिढ्यान् पिढ्या पलंगाखाली लावतो ती हिरवी कॉइल ही या बाईंच्या डोक्यातून निघाली आहे. आजच्या कॉइलमध्ये बहुतेक वेळा फूल नसतं, प्रयोगशाळेत केलेलं औषध असतं, ती गोष्ट वेगळी.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधी जपान या फुलाचा सर्वांत मोठा उत्पादक होता. युद्ध सुरू झालं, जपानचा माल बंद झाला, आणि केनियाच्या या थंड टेकड्यांचं नशीब उघडलं. सैनिकांना मलेरियापासून वाचवायला फूल हवं होतं. अमेरिकन सैन्याला दिलेल्या फवाऱ्याच्या डब्यांत पायरेथ्रमच्या अर्कासोबत चक्क तिळाचं तेल असायचं. तिळाच्या तेलाला स्वतःला डास मरत नाही, पण ते सोबत असलं की फुलाचा अर्क कितीतरी पट जोर धरतो, हे १९४० च्या सुमारास लक्षात आलं होतं.

आपल्याकडेही हे फूल येऊन गेलंय. डीडीटी येण्याआधी, १९३० च्या दशकाच्या शेवटी, मद्रास इलाख्यातल्या खेड्यांत पॉल रसेल आणि फ्रेड नाइप यांनी घराघरांत पायरेथ्रम फवारून मलेरिया आटोक्यात येतो का, ते पाहिलं होतं. येत होता, पण फवारणी पुन्हापुन्हा करावी लागे, कारण उजेड लागला की फुलाचा अर्क विरून जातो. नंतर डीडीटी आलं. एकदा भिंतीला मारलं की महिनोन्महिने टिकणारं. फूल मागे पडलं. १९५३ मध्ये देशाचा मलेरिया कार्यक्रम सुरू झाला तेव्हा वर्षाला साडेसात कोटी रुग्ण असल्याचा अंदाज होता. १९६५ पर्यंत ते लाखावर आले. सगळ्यांना वाटलं, संपला मलेरिया. १९७६ मध्ये ते पुन्हा ६४ लाखांवर गेले. डास डीडीटीला सरावले होते, हे त्याचं एक कारण. आणि गंमत अशी की फूल पूर्ण गेलेलंच नाही. डेंगी-मलेरियाचा रुग्ण सापडला की त्याच्या घरी आणि आसपास पालिकेची माणसं यंत्र घेऊन फवारायला येतात ना? त्यासाठी नेमून दिलेलं औषध पायरेथ्रमचा दोन टक्के अर्क हेच आहे, एक भाग अर्काला एकोणीस भाग रॉकेल. रॉकेलचा वास आपल्याला आठवतो, त्यातलं फूल कुणाला माहीत नसतं.

मामाने चहा दिला, दूध घालूनच उकळलेला, अगदी आपल्यासारखा. तिच्या चार मुलांची शिक्षणं पारेतोवर झाली. एके काळी जगातल्या पायरेथ्रमचा मोठा हिस्सा या टेकड्यांमधून जायचा. मग खरेदी करणाऱ्या सरकारी मंडळाकडून पैसे थकायला लागले. महिने गेले, वर्षं गेली. लोकांनी झुडपं उपटली आणि बटाटा लावला. तेवढ्यात ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाने यंत्राने तोडणी करून बाजार हातात घेतला. २०१३ च्या कायद्यानंतर खासगी खरेदीदार आले, रोपं मिळू लागली, म्हणून मामाने हा पाव एकर पुन्हा लावला. सबंध शेत का नाही लावलं, असं विचारलं तर म्हणाली, "बटाट्याचे पैसे त्याच दिवशी हातात येतात."

निघताना मी विचारलं, "मामा, तुम्ही घरात डासांसाठी हे वापरता का?"

ती मोठ्याने हसली. "इथे डास कुठे आहेत?"

गाडीत बसल्यावर मला ते नीट कळलं. या फुलाला कळी धरायला थंडी लागते, म्हणून ते उंचावरच येतं. आणि मलेरियाच्या जंतूला डासाच्या पोटात वाढायला ऊब लागते. अठरा अंशांच्या खाली मलेरियाच्या सर्वांत घातक जातीची वाढ थांबते. म्हणजे जिथे औषध पिकतं तिथे रोग फारसा नाही, आणि जिथे रोग आहे तिथे हे औषध पिकत नाही. मधली सीमारेषा मात्र कायमची आखलेली नाही. वाटेत लागणाऱ्या केरिचोच्या चहामळ्यांमध्ये, दोन हजार मीटरवर, १९९० च्या दशकात मलेरियाच्या साथी येऊन गेल्यात.

केरिचोनंतर रस्ता उतरत जातो. एकेक करून स्वेटर, शाल, काच. अहेरोला भाताची खाचरं लागली, बगळे, चिखल, आणि गाडीत गरम वाफ भरली. काठावरच्या चिखलात गुरांच्या खुरांचे ठसे, प्रत्येकात हातभर ऊन आणि ओंजळभर पाणी. आफ्रिकेतला मुख्य मलेरिया-डास, ॲनोफिलिस गॅम्बिई, अंडी घालायला असलीच डबकी शोधतो. तलाव-बिलाव त्याला लागत नाही.

हाच तो रेल्वेचा शेवटचा टप्पा. १९०१ मध्ये रूळ किसुमूला पोचले. ते टाकायला हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर आणले होते, बहुतेक पंजाब आणि आसपासचे. वाटेत किती जण सिंहांनी खाल्ले याच्या गोष्टी सगळे सांगतात. तापाने किती गेले, हे कुणी रंगवून सांगत नाही.

किसुमूला पोचलो तेव्हा सरोवरावर सूर्य बुडत होता. घरी भाचा "आत्या, माझी शेव!" करत धावत आला. भावजयीने आधी बाटली घेतली. मग रात्री आमचा प्रयोग सुरू झाला. खोबरेल तेलात थोडंसं कडुलिंबाचं तेल घालून मुलाच्या हातापायांना चोळलं. मी तिला अभिमानाने सांगितलंसुद्धा, की दिल्लीच्या मलेरिया संशोधन केंद्राने १९९३ मध्ये असंच खोबरेलात दोन टक्के कडुलिंबाचं तेल मिसळून माणसांवर पाहिलं होतं आणि बारा तास मलेरियाचे डास चावले नव्हते. खरीच गोष्ट आहे ती. पहाटे चार वाजता मुलाच्या दंडावर तीन गांधी होत्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या घराच्या अंगणात एक आजीबाई मातीच्या खापरीत कुठल्याशा ओल्या पानांची धुरी करत होत्या. वास ओळखीचा, कापराचा. जाऊन पाहिलं तर कापूर तुळस! तिचं शास्त्रीय नावच किलिमांजारोवरून पडलंय. सरोवराकाठच्या म्बिटा इथे कीटकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संस्थेचं, आयसीपीचं, मोठं केंद्र आहे. तिथल्या संशोधकांनी अशी पानं झोपडीत ठेवून आणि तापवून डास मोजले आहेत. नुसती कुंडी ठेवली तर डास थोडे कमी होतात, पाला तापवला तर आणखी कमी. पण पूर्ण जात नाहीत, आणि निखारा विझला की पुन्हा येतात. याच संस्थेत रमेश सक्सेना या भारतीय शास्त्रज्ञाने कडुलिंबावर मोठं काम केलं. स्वाहिलीत कडुलिंबाला 'म्वारोबाइनी' म्हणतात, म्हणजे चाळीस रोगांवर चालणारं झाड. लोक तापावरही त्याचा काढा घेतात, आणि मग कधीकधी दवाखान्यात उशिरा पोचतात.

तान्हीच्या लसीसाठी आम्ही दवाखान्यात गेलो होतो, तिथल्या नर्सबाईंनी हे शेवटचं वाक्य मला सुनावलं. मी बाटलीची गोष्ट सांगितल्यावर त्यांनी आधी विचारलं, "बाळाला पाजलं तर नाही ना?" नव्हतं पाजलं. कडुलिंबाचं तेल पोटात गेल्याने तान्ही बाळं दगावल्याच्या नोंदी आहेत. हे घराघरात माहीत असायला हवं, कारण आपल्याकडे अजूनही 'थेंबभर दे' म्हणणारी माणसं आहेत. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही तेल कधी लावता? आठ वाजता. हा डास कधी चावतो? मध्यरात्रीनंतर. तोपर्यंत तेल चादरीला लागलेलं असतं. त्या वेळी जागं राहून काम करणारी वस्तू एकच आहे." आणि त्यांनी हाताने वरून खाली पडदा सोडल्यासारखं केलं. "चांदारुआ." मच्छरदाणीला स्वाहिलीत चांदारुआ म्हणतात. मला आपला चांदवा आठवला.

कडुलिंब निकामी आहे, असं त्या म्हणाल्या नाहीत. साचलेल्या पाण्यातल्या अळ्यांवर त्याचा अर्क काम करतो. त्यातलं ॲझाडिरॅक्टिन अळीचं कात टाकण्याचं चक्र बिघडवतं, अळीचा डास होत नाही. पण ते काम डबक्यातलं आहे, दंडावरचं नाही.

रात्री भावजयीशी बोलणं झालं. "पण ताई, जाळीतलं विष?" मी पर्समधून मामाने दिलेली कागदाची पुडी काढली. वाळलेली आठ-दहा फुलं. तिला सांगितलं की जाळीला लावतात ते औषध या फुलाचीच नक्कल आहे. फुलातल्या विषाची रचना शास्त्रज्ञांनी शोधून काढली, मग त्यात बदल करून उन्हात न विरणारं औषध बनवलं. १९७३ मध्ये इंग्लंडमध्ये मायकेल एलियट यांनी पर्मेथ्रिन केलं, तिथून जाळ्यांचा रस्ता उघडला. "म्हणजे फूलही विषच की," ती म्हणाली. हो, विषच. मासोळीला आणि मधमाशीला हे फूलसुद्धा मारतं. प्रश्न कुणाला, किती, एवढाच उरतो.

एक वाईट बातमी मी तिच्यापासून लपवली नाही. याच पट्ट्यातले डास या औषधाला सरावू लागलेत. आणि ज्या बदलामुळे डास नकलेला दाद देत नाही, त्याच बदलामुळे तो असली फुलालाही कमी दाद देतो. म्हणजे जाळी सोडून फुलाकडे परत गेलं की सुटलो, असं होत नाही. त्यासाठी आता काही जाळ्यांत पायपेरोनिल ब्युटॉक्साइड घालतात. ते डासाची विष पचवण्याची ताकद मोडतं. महायुद्धात तिळाचं तेल जे करत होतं, साधारण तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अशा जाळ्यांना मान्यता दिली. नर्सबाईंनी तसलीच एक दिली होती, आणि जुन्या जाळीच्या वेळी आमच्याकडून काय राहून गेलं तेही सांगितलं होतं. नवी जाळी पाकिटातून काढून एक दिवस सावलीत टांगायची, उन्हात नाही, मग बांधायची. तान्हीचे डोळे लाल झाले ते त्यामुळेच असावेत.

भावजय गप्प बसली. मग उठली आणि जाळी मागच्या अंगणात आंब्याखालच्या दोरीवर टाकली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही सरोवरावर फिरायला गेलो तेव्हा काठावर तशाच निळ्या जाळ्या जमिनीवर पसरलेल्या होत्या. त्यांवर 'ओमेना' नावाची बारीक मासळी वाळत होती. भावजय माझ्याकडे बघून म्हणाली, "बघा, एवढं फुकट मिळून लोक काय करतात." मग स्वतःच हसली. कपाटातली घडी तिला आठवली असावी.

त्या रात्री चौघंही जाळीत झोपले. भाच्याने आतून जाळीला नाक लावून मला विचारलं, "आत्या, तू बाहेर का?" मी माझ्या खोलीतल्या जाळीत होते, पण त्याला दोन जाळ्यांतून ते दिसत नव्हतं.

उरलेलं कडुलिंबाचं तेल परत आणायचा प्रश्नच नव्हता. भावजयीच्या कुंडीतल्या कढीपत्त्यावर मावा पडला होता. पाण्यात चमचाभर तेल आणि साबणाचे दोन थेंब घालून आम्ही ते फवारलं. मी इंदूरला परतल्यावर पंधरा दिवसांनी तिचा फोटो आला. कढीपत्त्याला नवी पालवी आणि मागे खिडकीतून दिसणारी, दिवसा गाठ मारून वर उचललेली जाळी.